गाळलेला ‘द’

1973 सालचा ऑक्टोबर महिना. एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. पश्चिम आशियात युद्ध पेटलं होतं आणि आमचा टेलिप्रिंटर रात्रभर खडखडत असायचा. 22 ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 338 क्रमांकाचा ठराव केला. लढाई थांबवा आणि 1967 चा 242 क्रमांकाचा ठराव अमलात आणा, असा त्याचा आशय. आता हा 242 म्हणजे काय, ते वाचकाला एका वाक्यात सांगणं भाग होतं. मी लिहिलं, ‘1967 च्या युद्धात व्यापलेल्या सर्व प्रदेशांतून इस्रायलने सैन्य मागे घ्यावे, असे हा ठराव सांगतो.’

चार-पाच दिवसांनी वृत्तसंपादकांनी मला टेबलापाशी बोलावलं. “काय हो, हा ‘सर्व’ कुठून आणलात?” त्यांच्या हातात एक पोस्टकार्ड होतं. लिहिणारे एक निवृत्त हेडमास्तर, आमचे जुने वाचक. मजकूर दोन ओळींचा. मूळ इंग्रजीत ‘सर्व’ हा शब्द नाही. इतकंच काय, तिथं ‘द’सुद्धा नाही, आणि तो चुकून राहिलेला नाही.

श्रोतेहो, ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही उपपदं आपल्यापैकी बहुतेकांनी छडीच्या धाकानं शिकलेली आहेत. नद्यांच्या नावाआधी ‘द’, डोंगररांगांच्या आधी ‘द’, सूर्य-चंद्राच्या आधी ‘द’. पाठ करायचं आणि परीक्षेत तरीही चुकायचं. कारण मराठीला उपपदांची गरजच कधी भासली नाही. आपण ते काम दुसऱ्या वाटेनं करतो. ‘टेबलावर पुस्तक आहे’ म्हटलं की कुठलं तरी पुस्तक. ‘पुस्तक टेबलावर आहे’ म्हटलं की आपण शोधत होतो ते. ‘त्यानं मुलगी पाहिली’ म्हटलं तर लग्नाची बोलणी सुरू झाली. ‘त्यानं मुलीला पाहिलं’ म्हटलं तर ती ओळखीची मुलगी नुसती दृष्टीस पडली. इंग्रजीतला ‘द’ही मुळात परका नाही. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘तो, ती, ते’ या दर्शक शब्दांतून घासून घासून उरलेला, आणि ‘ए’ हा तिथल्या ‘एक’ या शब्दातून. आपले ‘तो’ आणि ‘एक’ अजून घासले गेले नाहीत, एवढाच फरक.

आता 1967 कडे वळू. 5 ते 10 जून या सहा दिवसांत इस्रायलनं इजिप्तकडून सिनाई आणि गाझा पट्टी, जॉर्डनकडून वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम, सीरियाकडून गोलन टेकड्या घेतल्या. पुढचे पाच महिने न्यूयॉर्कमध्ये ठरावाच्या भाषेवर खल चालला. त्या वर्षी भारत सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. भारत, माली आणि नायजेरिया यांनी जो मसुदा दिला, त्यात ‘ऑल द टेरिटरीज’ असे स्वच्छ शब्द होते. ते सगळे, म्हणजे पळवाटच नको. पण हा मसुदा अमेरिका आणि इस्रायलला चालणार नव्हता.

16 नोव्हेंबरला ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅरॅडन यांनी आपला मसुदा मांडला. त्यात होतं नुसतं ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रीसंट कॉन्फ्लिक्ट’. ‘ऑल’ गेला, ‘द’ही गेला. सोव्हिएत संघानं ‘द’ घालण्यासाठी शेवटपर्यंत आग्रह धरला आणि अमेरिकेनं नकार दिला. यातली गंमत बघा. रशियन भाषेत उपपद नावाची चीजच नाही. आपल्याकडेही नाही. आणि या इवल्या इंग्रजी शब्दासाठी सर्वांत जास्त झगडले ते रशियन आणि भारतीयच. ज्याच्या घरात मीठ नसतं, त्यालाच त्याची चव कळते म्हणा ना.

22 नोव्हेंबरला मतदान झालं. भारताचे प्रतिनिधी गोपालस्वामी पार्थसारथी, पूर्वाश्रमीचे पत्रकार. त्यांनी मत देण्याआधी बजावलं की, या ठरावानं सर्व प्रदेशांतून माघार बंधनकारक होते, असंच आम्ही समजतो. कॅरॅडन यांनी त्यावर ना होकार दिला, ना नकार. प्रत्येकानं आपली समजूत सांगावी, बंधनकारक असेल तो ठराव, एवढंच ते म्हणाले. इस्रायलचे परराष्ट्रमंत्री अब्बा एबान यांनीही आपली समजूत सांगितली, ती अर्थात वेगळी. आणि ठराव पंधरा विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. ‘द’ असता तर तो अडला असता. नव्हता म्हणूनच पंधराच्या पंधरा हात वर गेले.

पोस्टकार्ड आल्यानंतर मी तो ठराव मिळवून शब्दन्‌ शब्द वाचला. तेव्हापासून किती वेळा वाचला असेन, मोजलेलं नाही. माघारीच्या त्या एका ओळीत ‘सैन्य’ या शब्दाआधीही ‘द’ नाही. मग थोडंसं सैन्य मागे घेतलं तरी भागेल, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट, लगेच खालच्या कलमात युद्धस्थितीचे दावे संपवायचे आहेत, तिथं मात्र ‘ऑल’ आहे आणि ‘प्रत्येक’ राष्ट्राचं सार्वभौमत्व मान्य करायचं आहे. म्हणजे सगळं म्हणायचं तेव्हा तसं म्हणता येत होतं. प्रस्तावनेत पुन्हा वेगळाच सूर: युद्धानं प्रदेश मिळवणं अमान्य आहे. पुढे एके ठिकाणी दोन्ही उपपदं शेजारीशेजारी बसली आहेत. ‘ए’ न्याय्य तोडगा, ‘द’ निर्वासितांचा प्रश्न. तोडगा कुठला तरी एक, अजून कुणालाच न दिसलेला. प्रश्न मात्र तो, सगळ्यांना ठाऊक असलेला. निर्वासित कुठले, हे लिहिलेलंच नाही. पॅलेस्टिनी हा शब्द त्या ठरावात एकदाही येत नाही. ज्यांची घरं आणि ऑलिव्हची झाडं त्या ‘टेरिटरीज’मध्ये होती, त्यांच्या नावाला उपपदाइतकीही जागा मिळाली नाही.

फ्रेंच प्रतीत आणखी घोळ आहे. तिथं ‘दे तेरित्वार’ असं आहे, आणि त्या ‘दे’मध्ये ‘पासून’ आणि ‘ते’ हे दोन्ही शब्द मिसळलेले आहेत. म्हणजे फ्रेंचमध्ये ‘त्या व्यापलेल्या प्रदेशांतून’. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही परिषदेच्या कामकाजाच्या भाषा. अरबांची बाजू मांडणारे फ्रेंच प्रत पुढे करत, इस्रायलची बाजू मांडणारे म्हणत की, मसुदा इंग्रजीत घडला, वाटाघाटी इंग्रजीत झाल्या.

नुसत्या व्याकरणानं हा निवाडा होत नाही, असं माझं मत आहे. बागेत पाटी असते, ‘फुले तोडू नयेत.’ काही फुलं तोडायला हरकत नाही, असा अर्थ माळी काढू देणार नाही. पण ‘मुलांनी डब्यातले लाडू खाल्ले’ म्हटलं, तर आई आधी डबा उघडून बघते. कॅरॅडन यांनी पुढे सांगितलं की, 1949 ची रेषा ही शस्त्रसंधीच्या वेळी फौजा जिथं उभ्या होत्या तिथली. ती कायमची सीमा व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं, म्हणून ‘द’ घातला नाही. हे कारण प्रामाणिक असेल. पण थोडी फिरवाफिरव करता यावी म्हणून ठेवलेल्या फटीतून किती मोठी गोष्ट बाहेर नेता येईल, हे त्या फटीला कसं ठरवता येणार?

ते पुढे दिसलंच. 1979 च्या करारानुसार इस्रायलनं एप्रिल 1982 मध्ये जवळजवळ सगळं सिनाई परत केलं. सिनाईचं क्षेत्रफळ सुमारे साठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे व्यापलेल्या एकूण भूमीचा जवळजवळ नऊ दशांश भाग. मग काही जण म्हणू लागले, ‘टेरिटरीज’मधून माघार झाली की! उरलेल्या दशांशात वेस्ट बँक होती, पूर्व जेरुसलेम होतं, गाझा होतं. वाळवंट मोजून झालं, माणसं मोजायची राहिली. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेनं हा ठराव आधी धुडकावला होता. 1988 मध्ये तो स्वीकारला. 1993 च्या ऑस्लो करारातही 242 आणि 338 ची नावं आहेत, आणि गाळलेला ‘द’ तिथंही गाळलेलाच राहिला.

आता माझ्या बातमीचं काय झालं ते सांगतो. वृत्तसंपादकांनी मलाच दुरुस्ती लिहायला लावली. आतल्या पानावर, बाजारभावांच्या खाली ती छापून आली: ‘ठरावात सर्व प्रदेशांतून माघारीचा उल्लेख नाही. व्यापलेल्या प्रदेशांतून, एवढेच म्हटले आहे.’ मला हायसं वाटलं.

आठवड्याच्या आत हेडमास्तरांचं दुसरं पोस्टकार्ड आलं. या खेपेला थेट माझ्या नावानं होतं. “चि. उपसंपादक यांस, आशीर्वाद. आपण ‘सर्व’ नाही असे छापलेत. आता वाचक ‘काही’ असे समजेल. तेही मूळ ठरावात नाही.”