दारू पिऊन गाडी : नाक्यावर अडवलं तर पोलिसांचे अधिकार काय, आपले हक्क काय?

तालुका प्रतिनिधी : थर्टी फर्स्ट तोंडावर आला की फाट्याफाट्यावर बॅरिकेड लागतात. त्यानंतर गावोगावच्या यात्रा, लग्नसराई, पुढे धुळवड. नाकाबंदीत पोलिसांनी हात केला की न पिलेला माणूसही घाबरून गाडी मागे वळवतो, आणि पिलेला माणूस "साहेब, इथंच मिटवा" म्हणून खिशात हात घालतो. दोघांचंही नुकसानच होतं. कारण हा गुन्हा नाक्यावर मिटत नाही, कोर्टात जातो. त्यामुळे नियम आधीच माहीत असलेले बरे.

किती प्याल्यावर गुन्हा?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ नुसार १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. मोटरसायकल, जीप, ट्रॅक्टर, सगळ्यांना हेच माप. गांजासारख्या नशेत गाडी चालवली तरी हेच कलम. गाडी चालू करून निघण्याचा प्रयत्न केला तरी गुन्हा धरतात.

"एका पेगने काय होतंय" असं म्हणू नका. वजन कमी असेल, पोट रिकामं असेल तर तेवढ्यानंही माप ओलांडू शकतं. लिंबू, कॉफी, आंघोळ यांनी रक्तातली दारू उतरत नाही, त्याला वेळच जावा लागतो. रात्री दोनपर्यंत भरपूर पिऊन सकाळी सहाला दुधाचे कॅन घेऊन डेअरीला निघालेला माणूसही मशीनमध्ये सापडू शकतो.

शिक्षा काय?

पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन्स निलंबित होऊ शकतं ते वेगळंच. पिलेल्या माणसाला गाडी चालवायला चिथावणी किंवा मदत करणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा आहे. ड्रायव्हर झिंगलेला दिसत असताना ट्रॅक्टरची चावी देणाऱ्या मालकाने हे ध्यानात ठेवावं.

अपघातात कुणाचा जीव गेला तर मामला सदोष मनुष्यवधापर्यंत जातो. मुंबईत वांद्र्याला २००६ साली रस्त्याकडेला झोपलेल्या ७ मजुरांचा जीव घेणाऱ्या कारचालकाची ३ वर्षांची शिक्षा सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये कायम ठेवली.

मशीन फुंकायला नकार देता येतो का?

नकार दिला म्हणून सुटका होत नाही. दारू प्यायल्याचा सबळ संशय असेल तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करून डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना घेऊ शकतात. योग्य कारण नसताना दिलेला नकार कोर्टात तुमच्याच विरोधात वापरता येतो (कलम २०५). प्यायला नसाल तर सरळ फुंकून मोकळं व्हा.

आपले हक्क

- तपासणी गणवेशातील पोलीस किंवा अधिकार दिलेला आरटीओचा अधिकारीच करू शकतो. साध्या कपड्यातला माणूस मशीन पुढे करत असेल तर गणवेशातल्या अधिकाऱ्याला बोलवा म्हणून सांगा.
- मशीनला नवी नळी लावायला सांगा. आलेला आकडा स्वतः बघा, कागद निघत असेल तर मागून घ्या.
- नुकतंच खोकल्याचं औषध किंवा माउथवॉश घेतलं असेल तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा चुकू शकतो. तसं लगेच सांगा, चूळ भरा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा. अटक झाली तरी पोलीस ठाण्यात पुन्हा फुंकायची संधी द्यावी लागते (कलम २०३).
- कलम १८५ खाली अटक केल्यापासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला पाहिजे. झाली नाही तर कोठडीतून सोडावं लागतं (कलम २०२). ग्रामीण रुग्णालय लांब असलेल्या गावांत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ, दोन्ही घरच्यांनी लिहून ठेवाव्यात.
- महिलेच्या रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेत असतील तर तिथे दुसरी महिला हजर पाहिजे.
- लायसन्स जप्त केलं तर पावती घ्या. पावतीशिवाय लायसन्स सोडून येऊ नका.
- लायसन्स, आरसी, विमा डिजीलॉकर किंवा एम-परिवहन ॲपवर दाखवला तरी चालतो. व्हॉट्सॲपवरचा फोटो धरत नाहीत.
- अटकेचं कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं पोलिसांना बंधनकारक आहे. हा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन मिळणं हा हक्क आहे. अगदी अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही.

"इथंच मिटवू" म्हटलं तर?

हेल्मेट, सीटबेल्टचा दंड चलानवर भरून विषय संपतो. दारूच्या गुन्ह्यात तशी तडजोड कायद्यात नाही. दंड किती हे कोर्टच ठरवतं. म्हणजे नाक्यावर या गुन्ह्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ती लाच आहे, आणि आपण होऊन देणं हाही गुन्हाच. तक्रारीसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो.

शेतकरी कुटुंबाचं खरं नुकसान

दंडापेक्षा मोठा फटका इथे आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य अपघातात गेला तर २ लाख रुपये मिळतात. पण नशेच्या अंमलाखाली झालेला अपघात या योजनेत बसत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमाही चालक प्यालेला निघाला की कंपनी नाकारते. कर्ता माणूस जातो आणि मागे राहिलेल्यांना हक्काचे पैसेही मिळत नाहीत.

म्हणून जेवणाला बसायच्या आधीच न पिणाऱ्याच्या हातात चावी द्या, नाहीतर मुक्काम करा. अपघात दिसला तर १०८ ला फोन करा, पोलीस हवे असतील तर ११२.