दाद आणि तिचे मोल

८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, त्याच केशवरावांची जयंती होती. जयंतीच्या पहाटे लोकांना दिसल्या त्या काळवंडलेल्या भिंती आणि कोसळलेले छप्पर. बातमी पसरली तशी माणसे तिकडे धावली. कलावंत रडले, तसेच ज्यांनी आयुष्यात कधी रंगमंचावर पाऊल ठेवले नाही असे साधे प्रेक्षकही रडले. त्या वास्तूची पुनर्उभारणी पुढे हाती घेण्यात आली. पण त्या दिवशीचे अश्रू पाहून एक प्रश्न मनात उभा राहिला. हे प्रेक्षक कशासाठी रडत होते? एका इमारतीसाठी, की ज्या रात्रींनी त्यांच्या आजोबा-पणजोबांना वेड लावले त्या रात्रींसाठी?

कबनूरमध्ये बसून या प्रश्नाचा मागोवा घेणे अप्रस्तुत नाही. इचलकरंजीला खेटून असलेल्या या गावात यंत्रमागांचा खडखडाट इतका अखंड की गाण्याचा सूर येथे ऐकू यावा तरी कसा, असे परक्याला वाटेल. पण आपल्या एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला सांगली आणि मिरज. मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासातील कितीतरी पाने याच टापूत लिहिली गेली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले ते सांगलीच्या दरबारात. ‘संगीत मानापमान’चे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे सांगलीचे, त्या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे, आणि त्यातील भामिनी, म्हणजे नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व, प्रथम रंगभूमीवर आले ते मिरजेत. तेव्हा ‘मानापमान’ आणि त्याचे प्रेक्षक ही एका अर्थी आपल्या शेजारघरचीच गोष्ट आहे.

बालगंधर्वांच्या मिरजेतील आगमनाशी एका ख्रिस्ती सेवाकार्याचा संबंध आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. गोड गळ्याच्या या मुलाला ऐकण्याचे वैगुण्य होते. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला कानाच्या उपचारासाठी मिरजेस डॉ. वॉनलेस यांच्याकडे पाठवले. डॉ. विल्यम वॉनलेस हे प्रेस्बिटेरियन मिशनचे धन्वंतरी. त्यांचे रुग्णालय तेव्हा दूरदूरच्या रुग्णांचा आधार होते. योगायोग असा, की त्याच सुमारास किर्लोस्कर नाटक मंडळींचा मुक्काम मिरजेत होता. मंडळींनी मुलाचे गाणे ऐकले, आणि १९०५ साली मिरजेतच तो ‘शाकुंतला’त शकुंतला म्हणून उभा राहिला. उपचारासाठी आलेल्या मुलाला येथे आपला व्यवसाय सापडला.

‘शाकुंतल’ हे नाव निघाले म्हणून थोडे मागे जाणे अवश्य आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक केले, तेव्हापासून मराठी संगीत नाटकाचा ओघ सुरू झाला. तत्पूर्वीच्या नाटकांत सूत्रधार गाई आणि पात्रे भाषण करीत. आता पात्र स्वतःच बोलता बोलता गाऊ लागले. प्रेक्षकांना ओव्या, साक्या, दिंड्या घरच्याच होत्या. कीर्तनाला बसणाऱ्या समाजाला हे गाणे परके वाटले नाही. यात आपणा ख्रिस्ती मराठी जनांस नवल वाटू नये. १६१६ साली राचोल येथे मुद्रित झालेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे तरी कशातून जन्मले? नव्याने श्रद्धा स्वीकारलेल्या लोकांना पूर्वीच्या पुराणांसारखे काही ऐकावयास हवे होते, या मागणीतूनच. मराठी माणसाला कथा हवी असते ती गाऊन सांगितलेली. श्रोत्याची ही ओढ ओळखूनच इंग्लंडात जन्मलेल्या त्या येशूसंघीय धर्मगुरूने ओवी हाती घेतली.

आता ‘मानापमान’कडे वळू. तारीख १२ मार्च १९११, स्थळ मुंबई, मंडळी किर्लोस्करांची. खाडिलकर हे लोकमान्य टिळकांचे सहकारी; त्यांचे ‘कीचकवध’ सरकारने १९१० साली बंद पाडले होते. ‘मानापमान’ हे त्यांचे पहिले संगीत नाटक. खेळाची तयारी थाटाची होती, जाहिरात झाली होती. आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची चिमुकली कन्या वारली. खेळ पुढे ढकलावा असे सहकाऱ्यांनी सुचवले. बालगंधर्वांनी नकार दिला. मायबाप रसिक आले आहेत, त्यांचा विरस होता कामा नये, ही त्यांची भूमिका. त्या रात्री भामिनीचा शृंगार करून ते रंगमंचावर आले, हसले, रुसले, गायले.

प्रेक्षागृहात बसलेल्यांचा विचार मनात येतो. त्यांना दिसत होती ती ऐश्वर्यात लोळणारी, गरीब सेनापतीला तुच्छ लेखणारी एक गर्विष्ठ तरुणी. समोर नानासाहेब जोगळेकरांचा धैर्यधर आणि गणपतराव बोडसांचा भित्रा, धनाढ्य लक्ष्मीधर. ते लक्ष्मीधराला खदखदून हसले असतील, भामिनीच्या पदांवर लुब्ध झाले असतील. ज्याच्या गळ्यातून तो आनंद येत होता त्याच्या घरात त्या दिवशी काय घडले होते, याची त्यांतील किती जणांना कल्पना होती?

गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी त्या प्रेक्षकाला एक नवे दालन उघडून दिले. ठुमरी, कजरी, होरी अशा उत्तरेकडील गायनप्रकारांचा रंग या पदांना होता. मैफलीत मोजक्यांनीच ऐकावयाचे गाणे आता चार-आठ आणे देऊन पिटात बसणाऱ्याच्याही कानी पडू लागले. साथीला तबला, सारंगी, पायपेटी. आणि पुढे बालगंधर्वांच्या स्वतःच्या मंडळीत ऑर्गन. हो, तोच ऑर्गन, ज्याच्या सुरांवर आपल्या चर्चमध्ये मिस्सागीते गायिली जात! रविवारी सकाळी वेदीच्या बाजूला ऐकलेला नाद शनिवारच्या रात्री रंगमंचापुढेही ऐकू यावा, हा त्या काळच्या ख्रिस्ती नाट्यरसिकाचा आगळा अनुभव असला पाहिजे.

प्रेक्षक या साऱ्याला कसा प्रतिसाद देत? त्यासाठी त्यांच्याकडे एक अस्त्र होते: ‘वन्स मोअर’. पद आवडले की आरोळी उठे आणि पद पुन्हा होई. एकदा, दोनदा, कधी त्याहून अधिक. प्रत्येक वेळी बालगंधर्व तेच पद निराळ्या ताना-मुरक्यांनी सजवीत. रात्री नऊच्या पुढे सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चाले. जाणत्या टीकाकारांनी तक्रार केली, की यामुळे कथानक ठायी ठायी थांबते, एकाच दुःखासाठी नायिका चार-चारदा व्याकूळ होते, नाटक मागे पडते आणि बैठक पुढे येते. तक्रार खोटी नव्हती. पण तिच्यामुळे आरोळी थांबली नाही. लोकांना जे हवे होते ते त्यांनी मागितले, आणि कलावंतांनी ते दिले. मराठी संगीत नाटक हे नाटककाराइतकेच या आरोळीनेही घडवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दाद केवळ कानांची नव्हती, डोळ्यांचीही होती. बालगंधर्वांचे शालू, दागिने, केसांतील फुले यांची चर्चा घरोघर होई. ज्या काळी स्त्रीने रंगभूमीवर येणे निषिद्ध मानले जाई, त्या काळी एका पुरुषाने नेसलेल्या लुगड्याची तऱ्हा सुखवस्तू घरांतील स्त्रिया उचलीत. १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली, तेव्हापासून या थाटाला मर्यादा उरली नाही. नकली नको, खरे हवे: खरी जर, उंची गालिचे, आणि अत्तर. मंडळींच्या अत्तराचा दरवळ प्रेक्षागृहापर्यंत पोहोचे. १९२० साली खाडिलकरांचे ‘द्रौपदी’ आले, तेव्हा मयसभेच्या देखाव्यावर बालगंधर्वांनी पैसा पाण्यासारखा ओतला. प्रेक्षक थक्क झाले खरे. परंतु थक्क होणाऱ्या प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी घरी जावयाचे असते, आणि देखाव्याचे देणे मात्र मंडळींच्या वह्यांत राहते. मंडळी मोठ्या कर्जात बुडाली. दिवाळे जाहीर करावे, असे सांगणारे भेटले. बालगंधर्वांनी ते मानले नाही. खेळ करून, गाऊन, त्यांनी धनकोंचे देणे फेडले.

अशा वेळी आला तो ८ जुलै १९२१ चा दिवस. लोकमान्य टिळकांच्या निधनाला अद्याप वर्ष झाले नव्हते. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळींनी एकत्र येऊन मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ केले. केशवराव कोल्हापूरचे. गरिबीत वाढलेला हा मुलगा बालवयातच ‘शारदा’ नाटकाने नावारूपाला आला, आणि १९०८ साली हुबळीला त्याने आपली स्वतःची मंडळी काढली. आता बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर एका रंगमंचावर! उंची जागेचे तिकीट १०० रुपयांवर गेले. त्या काळी तेवढ्या पैशांत काही तोळे सोने येई. तरीही जागा पुरल्या नाहीत. प्रेक्षागृहात दोन तट होते; एकाच्या पदाला टाळी पडली की दुसऱ्याच्या पदाला त्याहून मोठी टाळी पाडण्याची जणू ईर्षा. कोण सरस ठरला, हा वाद महाराष्ट्रात पुढे कित्येक वर्षे रंगला. मात्र वाद घालणाऱ्यांना तो खेळ पुन्हा फार काळ पाहावयास मिळावयाचा नव्हता. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, पुरते तीन महिनेही लोटले नसताना, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे ३१ वर्षांचे.

त्यानंतरची कथा थोडक्यात सांगता येईल. १९३२ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्यात हरिश्चंद्र झाले ते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच. ज्यांनी ‘मानापमान’ला चाली दिल्या, तेच आता पडद्यावर गात होते. तेथे आरोळी ठोकून उपयोग नव्हता. पडदा ‘वन्स मोअर’ ऐकत नाही. प्रेक्षक तरीही तिकडे गेले. तिकीट स्वस्त, खेळ आटोपशीर. ज्या मायबापांसाठी मंडळींनी घरे गहाण टाकली, त्या मायबापांनी दुसरे घर शोधले. एकेक मंडळी मोडत गेली. १९६७ साली बालगंधर्व निवर्तले, त्यापूर्वीची त्यांची अनेक वर्षे ओढगस्तीत गेली.

यातून बोध काय घ्यावा? सहज सुचणारा निष्कर्ष असा, की हा सारा उधळेपणा होता; अत्तर आणि जर यांवर खर्चलेला पैसा सत्कारणी लागला असता. हा निष्कर्ष उच्चारताना आपणा ख्रिस्ती वाचकांना मात्र अडखळावयास हवे, कारण तो आपण पूर्वी ऐकला आहे. बेथानीच्या घरात मरियेने मोलवान सुगंधी तेल प्रभू येशूच्या चरणांना लावले, आणि ते घर सुगंधाने भरून गेले. त्या वेळी हिशेब मांडणारा यहुदा होता. तीनशे दिनारांना ते विकले असते, तर गरिबांची सोय झाली असती, असे तो म्हणाला. योहान शुभवर्तमानकार त्याच्या हिशेबामागचा हेतूही सांगतो. प्रभूने त्या स्त्रीला दोष दिला नाही. प्रेमाने ओतलेले वाया जात नाही, अशी त्या प्रसंगाची शिकवण आहे.

अर्थात नाट्यगृह म्हणजे बेथानी नव्हे आणि नट म्हणजे संत नव्हे. बालगंधर्वांच्या खर्चात प्रेमाबरोबर हौस होती, अव्यवहार होता, त्याची झळ त्यांच्या जवळच्यांना लागली हेही खरे. परंतु एक भेद येथे लक्षात घेण्याजोगा आहे. बेथानीत ज्याला अर्पण केले गेले, त्याने त्याचे मोल ओळखले आणि ते बोलून दाखवले. १२ मार्च १९११ च्या रात्री प्रेक्षकांनी सुगंध घेतला, पण कुपी कशी फुटली हे जाणले नाही. त्यांनी आनंद लुटला यात गैर काहीच नव्हते. ज्याने तो दिला त्याच्याविषयी ते अजाण राहिले, एवढेच त्यांचे उणे.

हे उणे आपलेही आहे. नाताळात आपल्या धर्मग्रामात मुले गोठ्याचा प्रवेश करतात, तरुण मंडळी नाटुकले बसवतात, गायकवृंद महिनाभर तालीम करतो. आपण टाळ्या वाजवतो, उणीदुणी काढतो, केक खातो आणि घरी जातो. पेटी वाजवणारा दिवसपाळी करून आला होता का, देवदूताची वस्त्रे शिवणारी माउली किती रात्री जागली, हे विचारण्याची सवय आपणास क्वचितच असते. दाद देणे सोपे. दादेमागचे देणे ओळखणे अवघड.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपचा प्रवास केला, रोम पाहिले, आणि परतल्यावर १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे राहिले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. संस्थानच्या राजाने बांधलेल्या वास्तूला पुढे लोकांनी एका गरीब घरच्या गायकाचे नाव दिले, यात एक ऋण मान्य केल्याची भावना आहे. २०२४ च्या त्या पहाटे राखेसमोर उभे राहून जे रडले, त्यांतील बहुतेकांनी केशवरावांना पाहिलेले असणे शक्यच नव्हते. त्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. तरीही ते रडले. ३१ वर्षांच्या आयुष्यात त्या गायकाने जे ओतले त्याची पावती मिळावयास शंभरहून अधिक वर्षे लागली. पण ती मिळाली, आणि ती टाळ्यांनी नव्हे, अश्रूंनी मिळाली.