व्यायामाआधी कॉफी: महिलांची ताकद आणि उशिरा झालेली तपासणी

तुम्ही नुकतेच जिम सुरू केले असेल, तर "आधी ब्लॅक कॉफी घे, जास्त वजन उचलशील" हा सल्ला मिळालाच असेल. सल्ला खोटा नाही. पण तो आधी कोणावर तपासला गेला, ते पाहा.

1907 साली केंब्रिजचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स आणि त्यांचे सहकारी वेबर यांनी कॅफिनचा स्नायूंच्या कामावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. (निलगिरीतल्या तोडा लोकांवर पुस्तक लिहिणारे रिव्हर्स हेच.) एर्गोग्राफ नावाच्या यंत्रात बोट अडकवून, ते थकेपर्यंत वजन ओढत राहायचे. कॅफिन घेतल्यावर काम जास्त झाले. आपण खरे कॅफिन घेतले की नुसतेच तशा चवीचे पेय, हे घेणाऱ्याला कळू नये याचीही काळजी रिव्हर्स यांनी घेतली होती. त्या काळी हे फार कमी जण करत. मात्र प्रयोग झाला तो या दोन पुरुषांवरच.

1911 मध्ये अमेरिकेत कोका-कोलातल्या कॅफिनवरून खटला चालला. त्यासाठी हॅरी आणि लेटा हॉलिंगवर्थ या दांपत्याने 16 जणांच्या चाचण्या घेतल्या. त्यात स्त्रियाही होत्या, पण मोजले ते हाताचा वेग, स्थिरता, एकाग्रता, ताकद नाही. पाळीच्या दिवसांत बाईची कार्यक्षमता घसरते, असे तेव्हा डॉक्टरही मानत. लेटाबाईंनी 1914 च्या प्रबंधात ते प्रत्यक्ष मोजले आणि तशी घसरण त्यांना आढळली नाही. माझ्या मते खटल्यापेक्षा हे काम मोठे!

वजन उचलणाऱ्या महिलांवरचा नेमका अभ्यास येईपर्यंत 2010 उजाडले. 15 महिलांना वजनाच्या दर किलोमागे 6 मिलिग्रॅम कॅफिन दिले. बेंच प्रेसमध्ये एका वेळी उचललेले कमाल वजन सरासरी 52.1 वरून 52.9 किलो झाले. म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. आणि या महिला आधीपासून सराव असलेल्या होत्या. तुमच्यासारख्या नवशिक्यांची ताकद पहिल्या काही आठवड्यांत तशीही झपाट्याने वाढते, कारण मज्जासंस्था असलेलेच स्नायू नीट वापरायला शिकते. त्या वाढीपुढे हा पाऊण किलो कुठे दिसणार?

शिवाय 60 किलोच्या बाईला तो डोस 360 मिलिग्रॅम होतो, म्हणजे साधारण चार कप कडक कॉफी. धडधड, हात थरथरणे, रात्री झोप उडणे यासाठी एवढे पुरते. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर कॅफिन शरीरातून बाहेर पडायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. गरोदरपणात दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहा.

आणखी एक. चहा-कॉफी जेवणासोबत घेतल्यास अन्नातले लोह कमी शोषले जाते, म्हणून तासभर अंतर ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) आपल्याकडच्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. कॉफीशिवाय व्यायामाला उभेच राहवत नसेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.