गिरणीतला नक्षीकार, ख्रिस्ताचा कवी

भिवंडीत राहणाऱ्याला यंत्रमागाचा खडखडाट वेगळा ऐकावा लागत नाही. तो त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. मागावरून कोरे कापड उतरते, त्यावर रंग आणि नक्षी मागाहून चढते. पण ती नक्षी कोणाच्या हातची, हे कापड वापरणाऱ्यास कधीच कळत नाही. अशाच एका नक्षीकाराचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत. ते भिवंडीचे नव्हते, मुंबईच्या कापडगिरणीतले होते. पुढे ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि मराठीत त्यांनी ख्रिस्तावर कविता लिहिल्या. त्यांचे नाव सदानंद शांताराम रेगे.

रेगे यांचा जन्म २१ जून १९२३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे झाला. शालेय शिक्षण मुंबईत दादरला झाले. चित्रकलेची ओढ त्यांना जे. जे. कलाशाळेत घेऊन गेली. परंतु घरच्या परिस्थितीपुढे तो अभ्यास टिकला नाही. चित्रे काढणारा हात मग गिरणीत कापडाची नक्षी काढू लागला. त्यानंतर पश्चिम रेल्वेतील नोकरी आली. नारायण सुर्वे यांच्याप्रमाणे ‘कामगारांचा कवी’ ही ओळख रेगे यांना लाभली नाही. तथापि पोटासाठी शिक्षण सोडावे लागणे म्हणजे काय, हे त्यांनी पुरतेपणी अनुभवले होते.

नोकरी करीत असतानाच त्यांची लेखणी चालू राहिली. १९५२ साली ‘जीवनाची वस्त्रे’ हा कथासंग्रह आणि १९५७ साली ‘अक्षरवेल’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे लेखक म्हणून नाव झाले, तेव्हा हातात पदवी नव्हती! वयाच्या पस्तिशीत, १९५८ साली, ते बी. ए. झाले आणि १९६१ साली एम. ए. पुढे मुंबईच्या रुइया महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकविले. इंग्रजीच्या वाटेने गवसलेले जगाचे साहित्य त्यांनी मराठीच्या दारी आणून ठेवले. सोफोक्लीझचे नाटक ‘जयकेतू’ या नावाने आले, इब्सेनचे ‘ब्रांद’ आले, मायकोव्हस्की आणि व्हिटमन यांची कविता आली.

आम्हां ख्रिस्ती वाचकांना त्यांच्याविषयी विशेष आस्था वाटावी, याचे कारण निराळे आहे. ख्रिस्त मराठी कवितेत नवखा नाही. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त त्याची कथा ओवीबद्ध केली; रेव्हरंड टिळकांनी त्याला भक्तीच्या भाषेत आळविले. हे दोघेही श्रद्धेने ख्रिस्ती होते. रेगे ख्रिस्ती नव्हते, तरी ख्रिस्त त्यांच्या कवितेत पुनःपुन्हा येतो. तो वेदीवरचा नाही. तो आपल्यातला, दुखावलेला, एकाकी माणूस आहे. त्या कवितांतील उपरोधाने आमच्यापैकी काहींचे मन अवघडेल. आमच्या मते त्या अवघडण्यातच त्यांचे मोल आहे. ज्याला आपण दर रविवारी क्रुसावर पाहतो, तो वेदना सोसणारा माणूसही होता, याची जाणीव सवयीने बोथट होते. एका परक्याची दृष्टी ती पुन्हा धारदार करते. शुभवर्तमानातही क्रुसाखाली उभा राहून त्याला प्रथम ओळखणारा शताधिपती परकाच होता, हे आपण विसरू नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत ऐतिहासिक संप सुरू झाला. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला रेगे यांचे निधन झाले. संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या आणि कापडाचे कितीतरी काम भिवंडीच्या मागांकडे वळले. गिरणगावातून उठलेला तो धागा असा आपल्या गावापर्यंत पोहोचला आहे.

त्या धाग्याबरोबर रेगे यांचे उदाहरणही येथवर पोहोचावे, अशी आमची इच्छा आहे. आपल्या धर्मग्रामातही दहावी-बारावीनंतर घरासाठी कामाला लागलेली मुले-मुली आहेत. ‘आता याचे शिक्षण संपले,’ असे आपण किती सहज म्हणून टाकतो! गिरणीत आणि रेल्वेत उमेदीची वर्षे घालविलेला एक माणूस पस्तिसाव्या वर्षी पदवीधर झाला, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे. ते काम प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांचे आहे.