घरचा संगणक आणि लिनक्स



२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ तारखेस विंडोज १० या संगणकप्रणालीची नित्याची निगा तिच्या निर्मात्यांनीं थांबविली. कोरेगांवांतील आमच्या घरीं जो संगणक आहे, तो २०१५ सालचा. विंडोज ११ ला जी सुरक्षेची चीप आणि जो अलीकडचा प्रोसेसर लागतो, ते दोन्ही त्यांत नाहींत. यंत्र धडधाकट, पडदा स्वच्छ, कळफलक शाबूत. आणि तरीहि आतां त्यास रजा द्यावी, असा निरोप पडद्यावर येऊं लागला. निवृत्त शिक्षकाच्या घरांत हा निरोप जरा झोंबलाच.

पुण्याचा भाचा म्हणाला, “मामा, लिनक्स टाका. पैसे पडत नाहींत.” हा सल्ला सामान्य गृहस्थास कितपत मानवेल, एवढाच आज माझा विषय. परंतु उत्तर देण्यापूर्वीं ही वस्तु आली कोठून, हें पाहिलें पाहिजे.

आमचा तालुका घेवड्याचा. वाघ्या घेवड्याचें बी शेतकऱ्यानें मागच्या पिकांतून राखावें आणि शेजाऱ्यानें मागितलें तर ओंजळभर द्यावें, अशी इकडची रीत. संकरित बियाण्याचें पीक भरघोस येईल. पण त्याचें राखलेलें बी पुढील सालीं तसेंच उतरत नाहीं, म्हणून दरसाल दुकानाची वाट धरावी लागते. संगणकाच्या आज्ञावलीचेंहि असेंच आहे. तिचा मूळ मजकूर ज्याच्यापाशीं, त्याच्या हातीं बी. बाकीच्यांच्या हातीं केवळ पीक.

१९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत रिचर्ड स्टॉलमन या तरुणास प्रयोगशाळेंतील एका छापयंत्राची आज्ञावली सुधारावयाची होती. कागद अडकला कीं सर्वांस सूचना मिळावी, एवढाच त्याचा हेतु. मूळ मजकूर देण्यास नकार मिळाला. तो सल त्याच्या मनांत राहिला. पुढें १९८३ सालीं त्यानें ग्नू नामक मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला, आणि १९८९ सालीं तिचा परवाना सिद्ध झाला: वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र वांटतांना पुढच्यासहि हींच मोकळीक द्या. इंग्रजींतील ‘फ्री’ या शब्दांत फुकट आणि मुक्त हे दोन्ही अर्थ कोंबले गेल्यामुळें तिकडे पुष्कळ वाद माजला. मराठीस ती अडचण नाहीं.

प्रणालीचा गाभा मात्र अपुरा होता. तो १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, निव्वळ हौस म्हणून, लिहावयास घेतला आणि पुढल्याच वर्षीं त्याच परवान्याखालीं सर्वांस खुला केला. आज आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोन ह्याच गाभ्यावर चालतो. तेव्हां ‘लिनक्स आपणांस झेपेल काय’ असें विचारणारे बहुतेकजण तें रोज वापरीतच असतात!

महाराष्ट्रांत ही वस्तु प्रथम इंग्रजी संगणक-मासिकांसोबतच्या तबकड्यांवरून आली. २००४ सालीं उबुंटु निघाली. तिची तबकडी मागितल्यास पोस्टानें विनामूल्य घरीं येई, आणि ही सोय २०११ पर्यंत चालली. पण घराघरांत ती रुजली नाहीं. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून हजारों मुलें व गृहिणी संगणक शिकल्या, त्या विंडोजवर. शिवाय पुष्कळ दुकानदार विनापरवाना विंडोज घालून देत. हें कोणी मोठ्यानें बोलत नसे, पण सर्वांस ठाऊक होतें. चोरीचा माल फुकट मिळत असतां दानाच्या मालास गिऱ्हाईक कोठून मिळणार? उलट केरळांतील सरकारी शाळांनीं मुक्त प्रणालीच अभ्यासांत आणली, आणि तेथील मुलांचें कांहीं अडलें नाहीं. मला तर सोपें-अवघड हा भेद पुष्कळसा पहिल्या गुरूच्या संवयीचा वाटतो.

आमच्या घरीं खरा प्रश्न निराळाच होता. वडिलांच्या आठवणींचीं १४० पानें मीं १९९८ सालीं विकत घेतलेल्या एका मराठी टंकांत लिहून ठेविलीं. १९९१ च्या युनिकोडांत देवनागरीस स्थान मिळालें होतें खरें, पण घरगुती यंत्रावर तें उतरेपर्यंत २००० साल उजाडलें. तोंवर प्रत्येक टंक आपापल्या खुणा वापरी. एकाचें अक्षर दुसऱ्यास कळेना. त्या टंकाची कुलूपकिल्ली हरवली आणि वडिलांचा मजकूर इंग्रजी चिन्हांचा कचरा होऊन बसला. माझ्याच घरच्या कोठारास परक्याचें कुलूप! या बाबतींत मुक्त पक्षाचें ऋण मानलेंच पाहिजे. रेड हॅटनें २००४ सालीं लोहित नांवाचे टंक सर्वांस खुले केले (लोहित म्हणजे लाल, हें ओघानेंच आलें). स्वयंसेवकांनीं प्रणालीच्या सूचना मराठींत आणल्या. आणि सी-डॅकनें २००७ सालीं देशी भाषांसाठीं बॉस ही प्रणाली काढली.

आतां निकाल. पत्रें लिहिणें, बातम्या वाचणें, पडद्यावर गाणीं पाहणें, नातवंडांचा अभ्यास, एवढाच ज्यांचा व्यवहार त्यांनीं जुना संगणक भंगारांत घालण्यापूर्वीं लिनक्स खुशाल घालून पाहावें. प्रथम ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येते. यंत्रांतील कशासहि धक्का लागत नाहीं. परंतु ज्यांचा जमाखर्च टॅलीवर आहे, ज्यांचें छपाईचें काम श्रीलिपीवर आहे, त्यांनीं उगाच धाडस करूं नये. आणि प्रथम मांडून देणारा एक जाणता माणूस जवळ हवाच. पुढें वर्षभर त्याची आठवणहि होत नाहीं. आमच्या मंडळींनीं दोन दिवस कुरकुर केली, तिसऱ्या दिवशीं त्यांचीं कीर्तनें पूर्ववत् सुरू झालीं.

छापयंत्र मात्र अद्याप रुसलेलें आहे. त्याच्या कारखानदारानें लिनक्ससाठीं आज्ञावलीच दिलेली नाहीं. कागद काढावयाचा तर फोनवरून काढावा लागतो. चाळीस वर्षांनंतरहि भांडण छापयंत्राशींच! वडिलांच्या आठवणींसाठीं भाच्यानें एक लहानशी रूपांतराची आज्ञावली लिहून दिली आहे. रफार अजून जागा चुकतो, तो मी हातानें सुधारतों. आजवर ६२ पानें झालीं.