दुखणं कमरेत, धोका मानेत

‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. खरा प्रकार उलटा असतो. उतारवयात मणक्यांची नळी अरुंद होते, म्हणजे असलेला गॅपच अपुरा पडतो. काही जणांत ती मानेत आणि कमरेत, दोन्हीकडे आवळते. अशा रुग्णाचं आधी काय करायचं, याबद्दलचं रूढ मत सरळ आहे आणि ते फक्त नातेवाइकांचं नाही: जिथं दुखतं तिथं ऑपरेशन करा, मान दुखतच नाही, तर तिला हात कशाला लावता?

या पूर्वपक्षात तथ्य आहे. कमरेच्या त्रासानं माणूस खरोखर जेरीस येतो. शंभर पावलं चाललं की पोटऱ्या भरून येतात, कुठल्याशा कट्ट्यावर टेकलं की मोकळ्या होतात. पुढं वाकून सायकल मात्र चालवता येते. शिवाय साठीनंतर मानेचा एमआरआय काढला तर काही ना काही निघतंच. नुसत्या फिल्मवरून सुरी चालवणं गैर. इथवर मान्य.

चूक पुढं होते. हे मत वेदनेलाच नुकसानीचं माप समजतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली सुट्या नसांचा झुबका असतो आणि त्या दाब बऱ्यापैकी सोसतात. मानेत खुद्द मज्जारज्जूच दबतो, आणि बऱ्याचदा तो अजिबात दुखत नाही. शर्टाचं बटण लागेनासं होतं, बँकेत सही जुळत नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. अशा माणसाला मूठ झपाझप उघडमीट करायला सांगावं. दहा सेकंदांत वीसएक वेळा व्हायला हवी. दहा-बारावरच अडखळली, तर कमरेची फिल्म बाजूला ठेवून मानेकडे वळावं.

आणखी एक मेख आहे. मानेतल्या दाबानं गुडघ्याचा रिफ्लेक्स उसळतो, कमरेतल्या दाबानं मंदावतो. दोन्ही एकत्र आले की हातोडीखाली गुडघा अगदी साळसूद वाटतो. म्हणून हात तपासावे लागतात: मधल्या बोटाचं नख टिचकावलं आणि अंगठा आत वळला, की संशय बळावतो. १९८७ मध्ये डागी आणि सहकाऱ्यांनी या जोडदुखण्याची त्रयी मांडली: चालताना पाय भरून येणं, चाल उत्तरोत्तर बिघडणं आणि हातापायांत मज्जारज्जू व नसा या दोन्हींची सरमिसळ लक्षणं. त्यातली पहिली खूण सगळ्यांना दिसते, बाकीच्या कमरेच्या खात्यावर मांडल्या जातात.

आणि ‘आधी कंबर’ म्हटलं तरी मान सुटत नाही. भूल देताना श्वासनळीत नळी घालायला मान मागं वाकवतात, मग रुग्णाला तासन्‌तास पालथं ठेवतात. आधीच चेपलेल्या मज्जारज्जूला तेवढं निमित्त पुरतं.

म्हणून माझं मत असं: मज्जारज्जू दबल्याच्या खुणा तपासणीत सापडल्या, तर मान आधी. ते ऑपरेशन मुख्यतः पुढची घसरण थांबवण्यासाठी असतं. गेलेलं सगळं परत मिळेल, असा शब्द कुणी देऊ नये. त्यानंतर थोडं थांबावं, कारण काहींची पायांची तक्रारही हलकी होते आणि कमरेचं ऑपरेशन लांबतं, क्वचित टळतं. खुणा नसतील, तर पूर्वपक्षाचंच खरं: कंबर आधी, फक्त भूलतज्ज्ञाला मानेची कल्पना देऊन. लघवी अडली किंवा पाऊल एकाएकी लुळं पडलं आणि मूळ कमरेत असलं, तर तिथं थांबायला वेळच नसतो.

‘एकाच भुलीत दोन्ही उरका’ हा सल्ला खर्चाच्या हिशेबानं मोहात पाडतो. धडधाकट रुग्णात ते जमतंही. पण पंचाहत्तरीच्या, मधुमेही, हृदयाची गोळी चालू असलेल्या माणसात वाढलेले तास आणि वाढलेला रक्तस्राव हिशेब फिरवतात.

हे सगळं ठरवायला मानेचं चित्र हाती हवं, आणि एमआरआयच्या फॉर्मवर बहुधा फक्त ‘एल-एस स्पाइन’, म्हणजे कमरेचा भाग, एवढंच लिहिलेलं असतं. तिथंच ‘होल स्पाइन स्क्रीनिंग’ जोडलं, तर त्याच बैठकीत आणखी काही मिनिटं लागतात.