जुन्या कारच्या टेपवर मोबाईलची गाणी कशी वाजवायची? नवा टेप घेण्याआधी हे पर्याय बघा

पंधरा वर्षं झालेली कार. इंजिन ठणठणीत, एसी गार, आरटीओतून नोंदणीचं नूतनीकरणही झालेलं. अडचण एकच. डॅशबोर्डवरचा टेप सीडीच्या, क्वचित कॅसेटच्या जमान्यात अडकलाय आणि गाणी मात्र सगळी मोबाईलमध्ये आहेत.

अशा वेळी ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलं की पहिला सल्ला मिळतो, 'जुना टेप काढा, मोठी स्क्रीन टाका.' तो पर्याय वाईट नाही, पण काही हजारांचा आहे आणि प्रत्येक गाडीला त्याची गरज नसते. मूळ टेप आणि स्पीकर नीट चालत असतील, तर काहीशे रुपयांच्या वस्तूनेही काम होऊ शकतं. त्यासाठी आधी एक गोष्ट शोधावी लागते. बाहेरचा आवाज आत घ्यायला तुमच्या टेपला कोणता मार्ग आहे?

आधी टेप नीट तपासा

टेपच्या पुढच्या पट्टीवर 'ऑक्स' लिहिलेलं ३.५ मिलिमीटरचं गोल छिद्र आहे का ते बघा. काही गाड्यांत हे छिद्र टेपवर नसतं. ते गिअरच्या मागे, हँडब्रेकजवळ किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये असतं. मग 'मोड' किंवा 'सोर्स'चं बटण दाबत राहा. एफएम, सीडी यांच्यानंतर ऑक्स असं अक्षर आलं, तर कुठेतरी ऑक्सची सोय असण्याची शक्यता मोठी.

टेपवर ब्लूटूथचं चिन्ह असूनही गाणी वाजत नसतील, तर तो बिघाड असेलच असं नाही. ब्लूटूथमध्ये कॉलसाठी एचएफपी आणि स्टिरिओ संगीतासाठी ए२डीपी अशा दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. जुन्या काही गाड्यांत फक्त पहिलीच दिलेली होती. अशा टेपवर फोन उचलता येतो, गाणी वाजत नाहीत.

ऑक्स असेल तर प्रश्न सुटलाच

ऑक्सच्या छिद्रातून आवाजाचा विद्युत संकेत थेट टेपच्या ॲम्प्लिफायरकडे जातो. मध्ये रेडिओलहरी नाहीत, त्यामुळे खरखर कमी आणि आवाज स्वच्छ.

दोन टोकांना ३.५ मिलिमीटरची पिन असलेली साधी वायर पुरते. नव्या मोबाईलला हेडफोनचं छिद्र नसेल, तर मध्ये टाईप-सी किंवा लाइटनिंगचा ॲडॉप्टर लावावा लागतो. वायर नको असेल, तर छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. तो ऑक्समध्ये बसतो, मोबाईलकडून बिनतारी आवाज घेतो आणि टेपला देतो. काही रिसीव्हरमध्ये स्वतःची बॅटरी असते, काहींना लायटर सॉकेटमधल्या यूएसबी चार्जरवरून वीज द्यावी लागते. कॉलवर बोलायचं असेल, तर माईक असलेला रिसीव्हर निवडा आणि तो चालकाच्या जवळ बसवा. गिअरच्या मागे लपवलेल्या माईकवर समोरच्याला तुमच्यापेक्षा रस्त्याचाच आवाज जास्त ऐकू जातो.

वायरने जोडताना मोबाईलचा आवाज ८० ते ९० टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचं टेपच्या नॉबने सांभाळा. मोबाईलचा आवाज खूप कमी आणि टेपचा खूप जास्त ठेवला, तर गाण्यासोबत सूं-सूं आवाजही मोठा होतो.

यूएसबी आहे, ऑक्स नाही

इथे बरेच जण फसतात. जुन्या टेपचं यूएसबी हे मुख्यतः पेन ड्राइव्ह वाचायला दिलेलं असतं. त्याला मोबाईल जोडला, तर अनेकदा तो फक्त चार्ज होतो, कारण आजचे मोबाईल पेन ड्राइव्हसारखे 'दिसत' नाहीत.

बाजारातले बहुतेक स्वस्त यूएसबी ब्लूटूथ डाँगलही यूएसबीमधून फक्त वीज घेतात. आवाज बाहेर काढायला त्यांना ऑक्सच लागतो. म्हणून खरेदीपूर्वी दुकानदाराला थेट विचारा, 'हा ऑक्सशिवाय चालतो का?' नाहीतर एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हमध्ये एमपी३ गाणी भरणं हा साधा उपाय आहेच.

कॅसेटचा टेप असेल तर

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आज कालबाह्य वाटते, पण या कामात ती उपयोगी पडते. कॅसेट ॲडॉप्टर हा कॅसेटच्याच आकाराचा असतो. त्यात फीत नसते. टेपचं हेड जिथे टेकतं, तिथे त्याचं स्वतःचं छोटं हेड असतं. मोबाईलच्या आवाजाबरोबर ते बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि टेपच्या हेडला फीत फिरत असल्यासारखंच वाटतं.

वायरचे आणि ब्लूटूथचे, दोन्ही प्रकारचे ॲडॉप्टर मिळतात. आवाज ऑक्सइतका स्वच्छ नसला, तरी एफएमपेक्षा तो बहुधा चांगला असतो. मात्र टेपचे रबरी पट्टे ढिले झाले असतील किंवा ऑटो-रिव्हर्स सारखं बाजू बदलत असेल, तर हा उपाय टिकत नाही. आधी एखादी जुनी कॅसेट लावून टेप नीट चालतो का ते बघा.

फक्त रेडिओ आणि सीडी असेल तर

मग सर्वात सोपा पर्याय म्हणजे लायटर सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर. तो मोबाईलकडून ब्लूटूथवर गाणी घेतो आणि गाडीपुरतं एक चिमुकलं रेडिओ केंद्र चालवतो. टेपवर तीच फ्रिक्वेन्सी लावली की गाणं सुरू.

याची अडचण शहरात कळते. एफएम रिसीव्हर एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन संकेतांपैकी जोरकस असेल तो पकडतो. मुंबईत आणि पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३ वर मोठी केंद्रं आहेत. तिथे किंवा त्यांच्या अगदी शेजारी ट्रान्समीटर लावला, तर गाण्यात निवेदक घुसणारच. आधी ट्रान्समीटर बंद ठेवून टेपवर फक्त खरखर ऐकू येणारी जागा शोधा आणि मग तीच ट्रान्समीटरवर लावा. एका शहरात मोकळी असलेली जागा दुसऱ्या शहरात भरलेली असू शकते. त्यामुळे लांबच्या प्रवासाआधी दोन-तीन फ्रिक्वेन्सी ठरवून ठेवलेल्या बऱ्या.

काही गाड्यांत चावी काढल्यावरही लायटर सॉकेट चालू राहतं. ट्रान्समीटरचा दिवा पेटलेला राहत असेल, तर तो काढून ठेवा. गाडी आठवडाभर उभी राहिली, तर आधीच थकलेली बॅटरी उतरायला एवढं निमित्त पुरतं.

याच पद्धतीचा आणखी बरा प्रकार म्हणजे वायरचा एफएम मॉड्युलेटर. तो अँटेनाची वायर आणि टेप यांच्या मध्ये बसतो. गाणं हवेतून न जाता थेट अँटेनाच्या मार्गाने जातं, म्हणून व्यत्यय बराच कमी होतो. मात्र त्यासाठी टेप बाहेर काढावा लागतो.

टेपच्या मागचा मार्ग

पुढे काहीच नसलं, तरी मागे जागा असू शकते. पूर्वी अनेक कंपन्या डिकीत बसणारा सहा सीडींचा चेंजर वेगळा विकत. तो जोडण्यासाठी टेपच्या मागे एक कपलर असे. त्या जागी बसणारी ऑक्स किंवा ब्लूटूथची किट मिळते. 'चेंजर जोडलेला आहे' असं ती टेपला भासवते आणि टेप आवाज आत घेतो. किट मात्र त्याच मॉडेलच्या टेपची हवी.

चेंजरची सोयच नसेल, तर काही कारागीर टेप उघडून आतल्या बोर्डवर ऑक्सची वायर सोल्डर करून देतात. जमलं तर आवाज उत्तम येतो, चुकलं तर टेप कायमचा बंद पडतो. सर्किट वाचता येणाऱ्या माणसाकडेच हे काम द्यावं.

नवा टेप बसवायचाच असेल तर

मूळ टेप बंद पडला असेल किंवा वरचं काहीच लागू होत नसेल, तर नवा टेप घेणं योग्य. त्याआधी मापं बघा. सिंगल डिन टेपची खाच साधारण १८० बाय ५० मिलिमीटर असते, डबल डिनची १८० बाय १०० मिलिमीटर. अनेक गाड्यांचा टेप डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला असतो. तिथे त्या मॉडेलची वेगळी फ्रेम लागते. स्टिअरिंगवर आवाजाची बटणं असतील, तर ती नव्या टेपवर चालवण्यासाठी वेगळा ॲडॉप्टर लागतो का, तेही आधीच विचारा.

नव्या टेपसोबत येणाऱ्या वायरींचे रंग बहुधा असे असतात:

- पिवळी: बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट. घड्याळ आणि साठवलेली केंद्रं यावर टिकतात.
- लाल: चावी फिरवल्यावर येणारा १२ व्होल्ट.
- काळी: अर्थिंग.
- पांढरी आणि करडी: पुढचे डावे आणि उजवे स्पीकर.
- हिरवी आणि जांभळी: मागचे डावे आणि उजवे स्पीकर. काळी रेघ असलेली जोडीदार वायर म्हणजे त्या-त्या स्पीकरची ऋण बाजू.

गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग मात्र वेगळे असू शकतात. तिथे मल्टिमीटरनेच तपासावं. चावी काढल्यावरही १२ व्होल्ट दाखवते ती कायमची वायर. नवा टेप दर वेळी घड्याळ आणि केंद्रं विसरत असेल, तर पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता जास्त.

बऱ्याच जुन्या गाड्यांत एक सापळाही असतो. त्यांच्या वायरिंगमध्ये स्पीकरची ऋण बाजू गाडीच्या बॉडीला जोडलेली असे. आजच्या टेपला ते चालत नाही, त्याचा ॲम्प्लिफायर जळू शकतो. अशा गाडीत प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र वायरी ओढाव्या लागतात.

इंजिनसोबत वाढणारी शीळ

सगळं जोडलं, गाणं सुरू झालं आणि ॲक्सिलरेटर दाबताच मागे बारीक शीळ वाढू लागली, तर स्पीकर बदलायला धावू नका. मोबाईल किंवा रिसीव्हर लायटर सॉकेटवर चार्ज होत असतो आणि त्याच वेळी ऑक्सने टेपलाही जोडलेला असतो. त्यामुळे अर्थिंगचे दोन मार्ग तयार होतात आणि अल्टरनेटरचा गोंगाट आवाजात शिरतो.

याची परीक्षा सोपी आहे. चार्जर काढा. शीळ गेली, तर कारण सापडलं. ऑक्सच्या वायरीत 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी लावली की हा त्रास सहसा थांबतो.

वायरीला कात्री लावण्याआधी

या सगळ्यात खरा धोका आहे तो घाईघाईत कापलेल्या वायरींचा. मूळ कपलर कापून, वायरी पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळलेलं काम पहिल्या दिवशी व्यवस्थित चालतं. पुढे उन्हाने चिकटपट्टीचा डिंक सुटतो, गाडीच्या हादऱ्याने उघडी तार बॉडीला लागते आणि शॉर्टसर्किट होतं. फ्यूज नसेल किंवा गरजेपेक्षा मोठा टाकलेला असेल, तर वायर तापते आणि डॅशबोर्डच्या आत आग लागू शकते.

म्हणून तुमच्या मॉडेलचा कपलर-टू-कपलर ॲडॉप्टर मागा. तो एका बाजूने गाडीच्या मूळ कपलरमध्ये आणि दुसऱ्या बाजूने नव्या टेपमध्ये बसतो, काहीच कापावं लागत नाही. उद्या गाडी विकताना जुना टेप परत लावता येतो तो वेगळाच फायदा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण वायर काढा. मात्र होंडा, स्कोडा, फोक्सवॅगनच्या अनेक जुन्या गाड्यांत वीज तुटल्यावर टेप सुरक्षा कोड मागतो. तो कोड गाडीच्या कागदपत्रांत आहे का, हे आधी शोधून ठेवा. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या आवरणातली वायर किंवा पिवळा कपलर दिसला, तर त्याला हात लावू नका. ते सहसा एअरबॅगचं वायरिंग असतं.

मोबाईल हातात नको

ब्लूटूथ लावलं म्हणून गाडी चालवताना मोबाईल हातात घेऊन गाणी शोधायची मुभा मिळत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातात धरलेलं संपर्क साधन वापरणं कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला या कलमात १ हजार ते ५ हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्षाचा कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. गाण्यांची यादी निघण्याआधीच लावा आणि मोबाईल होल्डरमध्ये ठेवा.

थोडक्यात काय निवडाल?

ऑक्स असेल तर ब्लूटूथ रिसीव्हर. कॅसेट असेल आणि टेप नीट फिरत असेल तर कॅसेट ॲडॉप्टर. मागे चेंजरचा कपलर असेल तर त्या मॉडेलची किट. यातलं काहीच नसेल तर एफएम ट्रान्समीटर. तो शहरात नकोसा झाला, तर वायरचा मॉड्युलेटर किंवा नवा टेप. दुकानात जाण्याआधी टेपच्या पुढच्या बाजूचा आणि शक्य असेल तर मागच्या कपलरचा मोबाईलवर फोटो काढून घ्या. तो दाखवला की नेमकी वस्तू मागता येते.